चंद्रोदय बारा वाजून दहा मिनिटांनी

माझा पगार येतो तो यंत्रांना कधी ओरडायचं हे शिकवण्याबद्दल. ऑपरेशनच्या खोलीत पेशंटच्या डोक्याशी एक पडदा असतो, त्यावर हिरव्या-निळ्या रेघा धावत असतात आणि मधूनच टुणटुण वाजतं, ते टुणटुण. कुठला आकडा किती खाली गेला की कुठला सूर काढायचा, तो किती वेळा काढायचा, नर्सनं बटण दाबून गप्प केलं तर किती वेळानं पुन्हा तोंड उघडायचं, हे ठरवत बसणाऱ्या सात-आठ जणांपैकी मी एक. इथं जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, असली कामं करणारे ढिगानं आहेत. सकाळी सिग्नलला सायकली टेकवून उभ्या असलेल्या दहा माणसांतली चार तरी कुणाच्या ना कुणाच्या छातीत डोकावून पोट भरतात. घरी मात्र या कामाला काही वजन नाही. माझी मुलगी लहान असताना शाळेत सांगायची की माझे बाबा अलार्म बनवतात, आणि तिच्या मैत्रिणी मला बरीच वर्षं घड्याळवाला समजत होत्या.

आईला मी एकदा हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे घंटा वाजवणारा शिपाई."

आई सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिच्या मते शाळा दोनच माणसांवर चालते, एक ती आणि दुसरा घंटेचा शिपाई. त्यामुळे हा माझा अपमान होता की बढती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी ती एप्रिलच्या मध्याला आमच्याकडे आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. वय चौऱ्याहत्तर. आल्या दिवशी बॅग उघडायच्या आधी तिनं परतीच्या तिकिटाचा छापील कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करायची आणि उत्तर मोठ्यानं सांगायची. "एक्कावन्न."

"अहो आई, आम्ही काय तुम्हाला तुरुंगात ठेवलंय का?" बायको म्हणायची.

"तसं नाही गं. तुरुंगात निदान बोलायला चार कैदी असतात."

दोघी हसायच्या. मी पण हसायचो. पण त्या कागदामागे काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. वडील गेले त्या वर्षी मी तिला इकडेच ये म्हटलं होतं, कायमची. ती म्हणाली होती, "पाहुणी म्हणून येईन रे. सामान म्हणून नाही येणार." सांगलीत तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सकाळी घाटापर्यंत चालायला जाणं, संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांना फुकट गणित आणि फुकट बोलणी, रात्री आठला जेवण, नऊला रेडिओ. त्या घराची किल्ली ती इथंही पदराला बांधून हिंडायची. म्हणजे साडीला नाही, इथं थंडीमुळे ती स्वेटरवर असायची, तर स्वेटरच्या खिशात. तिला फक्त परत जायचं होतं. एवढीच तिची मागणी होती माझ्याकडे, आणि ती पुरवायला मला काही करायचंही नव्हतं. नुसतं मधे यायचं नव्हतं.

मे महिन्यात तिची दाढ सुजली.

म्हणजे दाढ नाही, अख्खी डावी बाजूच. खालची अक्कलदाढ आडवी, शेजारच्या दोन दाढांची मुळं सडलेली, हाडापर्यंत पू. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, सूज उतरली आणि त्यांनी जबड्याच्या सर्जनबाईंकडे चिठ्ठी दिली. आई म्हणाली, "आता दुखत नाही. जुलैत गेले की आमचा डॉक्टर काढेल. त्याला मी त्रैराशिक शिकवलंय."

"म्हणून तर भीती वाटते," मी म्हटलं.

माझा हट्ट होता की इथंच करायचं. विमानात परत सुजलं तर? तिकडे तो एक इंजेक्शन देणार आणि पकडीनं ओढणार, आणि इथं कसं, हातात सुई, गुंगीचं औषध, पेशंट अर्धवट झोपेत, दुखत नाही, आठवत नाही, आणि डोक्याशी पडदा. सेकंदासेकंदाला नाडी, प्रेशर, रक्तातला ऑक्सिजन. मी तिला चित्र काढून दाखवलं. माझ्याच धंद्याची जाहिरात मी माझ्या आईला केली.

"तुझ्या यंत्राला काय कळणार," ती म्हणाली. "मी तोंड बघून ओळखायचे कोण न जेवता आलंय ते."

पण मग हो म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि मला त्याचा आनंदच झाला होता.

जूनमधली तारीख मिळाली, सकाळी साडेआठची. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ठीक आला. सर्जनबाईंनी चार पानांचा कागद दिला, आणि त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं: सहा तास आधी खाणं बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, आणि वयस्कर माणसांनी ते जरूर प्यावं. बीपीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर.

आता यात समजायला अवघड काय आहे? काहीच नाही. पण मी इंजिनिअर. मला प्रत्येक गोष्टीत मार्जिन लागतं. पूल पाच टनांचा असेल तर मी आठ टनांचा बांधतो. आणि दुसरं असं की आईला सगळं सोपं करून सांगायची मला सवय लागली होती. पाणी चालेल म्हटलं तर ती म्हणणार, मग चहा का नाही, त्यात पाणीच असतं. मग दुधाचं समजावा, मग ती म्हणणार बिनदुधाचा घेते. एवढं सगळं कोण बोलत बसणार! म्हणून मी सरळ सांगितलं, "आई, रात्री बारानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही. सकाळी गोळ्यांपुरता एक घोट."

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. आई वाद घालते, पण एकदा बरं म्हणाली की ते बरं असतं. तिच्या वर्गात कुणी कॉपी करायचं नाही आणि तीही कधी करत नाही.

आदल्या संध्याकाळी जेवताना माझ्या मुलीनं तो कागद उचलून वाचला. ती सोळा वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "पापा, हिअर श्टेट, वासर गेट. झी झोल ट्रिंकन." इथं लिहिलंय, पाणी चालतं. तिनं प्यायला पाहिजे.

"मला माहितीये," मी म्हटलं. "थोडं मार्जिन ठेवलंय."

"आबर वारुम?" पण का?

आई आमच्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर ताट नव्हतं, हेही मी तेव्हा पाहिलं असणारच. ती म्हणाली, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही गं. तुला शुभेच्छा देतेय."

आई खूश झाली. नातीच्या गालावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. मुलीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी अजून खिशात घेऊन फिरतो. मग ती उठून खोलीत गेली आणि मी दही-भात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दोघं तिथं होतो. आईला खुर्चीत निजवलं, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, छातीवर तीन चकत्या. पडद्यावर आकडे आले: नाडी बासष्ट, ऑक्सिजन सत्त्याण्णव, प्रेशर एकशे बावीस. घरी तिचं एकशे चाळीसच्या आसपास असायचं. मी मनात म्हटलं, वा, गोळ्या छान लागू पडल्यात. नर्स सुईसाठी तिच्या हाताची शीर शोधत होती आणि ती सापडत नव्हती. दोनदा टोचून झालं. "म्हाताऱ्या माणसांच्या शिरा लपतात," असं मी तिला माझ्या अगाध ज्ञानातून सांगितलं.

सर्जनबाईंनी विचारलं, उपाशीपोटी आहेत ना?

"या, गेनाऊ," हो, बरोबर, मी म्हटलं. आणि वर थोडं हसून, "अगदी व्यवस्थित उपाशी." प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या पोरासारखा.

तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, त्यांना सांग, काल चतुर्थी होती."

सर्जनबाई तिच्याकडे बघत माझ्याशी बोलल्या, "काय म्हणतायत त्या?"

इथं मी थांबतो. म्हणजे तेव्हा थांबलो नाही, आता थांबतो. रोज थांबतो. मला काय करायचं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. की माझ्या आईनं कालही दिवसभर उपास केला होता. पण मला ते वाक्य नुसतं दिसलं नाही, त्याच्यामागची सगळी मिरवणूक दिसली. उपास का? गणपतीसाठी. तो कोण? हत्तीचं डोकं. कधी सोडतात? चंद्र उगवला की. चंद्र का? सकाळचे साडेआठ, समोर हातमोजे घातलेल्या दोन बायका, मी स्वतः मेडिकल टेक्निकमधला माणूस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्रसुद्धा होतं, काढायला विसरलो होतो असं मी स्वतःला सांगत असतो. त्या खोलीत मला चंद्र आणायचा नव्हता. मला आईची थोडी लाज वाटली. घ्या, लिहिलं. बावीस वर्षं या देशात काढून मला हे कमावता आलं.

"त्या जरा घाबरल्यात," मी जर्मनमध्ये सांगितलं.

सर्जनबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. औषध द्यायला सुरुवात झाली. काहीतरी बोलत राहायला सांगा म्हणाल्या. आईला मी म्हटलं, पाढा म्हण. तिनं सोपा पाढा निवडला असता तर ती माझी आई कसली.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक..."

ओठ हलले आणि थांबले. मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर तीन खुर्च्या, माशांची काचेची पेटी आणि बागकामाची मासिकं होती. मी एक मासिक घेऊन बसलो. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग दाराआडून तीन सूर आले. टुण, टुण, टुण. हे मधल्या दर्जाचं, म्हणजे लक्ष द्या, घाई नाही. यंत्र आमच्या कंपनीचं नव्हतं, पण सूर सगळ्यांचे एकाच नियमाचे असतात. मी चक्क मनात म्हटलं, यांनी प्रेशरची मर्यादा जरा वरच ठेवलेली दिसते, उगीच वाजणार. मासिकात टोमॅटोवर पडणाऱ्या किडीबद्दल होतं.

मग पाच सूर आले. आणि लगेच परत पाच.

या पाच आणि पाचवर आमच्याकडे दोन दिवस बैठक झाली होती. झोपेतला माणूस उठला पाहिजे पण दचकून हातातलं टाकता कामा नये, एवढा जोर हवा. कॉफी पीत, बिस्किटं खात आम्ही तो जोर ठरवला होता. तो सूर खऱ्या माणसासाठी वाजताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मी उठून दाराशी गेलो. आतून पावलं, खुर्ची फिरल्याचा आवाज, सर्जनबाई भराभर पण शांतपणे काहीतरी सांगतायत. मग यंत्र गप्प झालं. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला माहीत होतं की ते कुणीतरी बटण दाबून गप्प केलंय, आणि ते दोन मिनिटं गप्प राहतं. त्या दोन मिनिटांत आकडा वर आला तर पुन्हा वाजत नाही. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिलो. घड्याळाकडे बघायची गरज नव्हती, ती दोन मिनिटं मीच बसवलेली होती, तिथल्या यंत्रात नसली तरी शेकडो ठिकाणी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, बसा ना. मी बसलो नाही.

दोन मिनिटांनी ते पुन्हा वाजलं.

पुढचं मला तुकड्यांनीच आठवतं. निळी-पिवळी जाकिटं घातलेली माणसं, चाकांचा स्ट्रेचर, आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं. पाय वर केले, पाणी चढवलं, गुंगी उतरवणारं उलटं औषध दिलं, जे पुस्तकात आहे ते सगळं, त्याच क्रमानं. तीनपैकी एक दाढ निघाली होती. दोन राहिल्या.

हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या विभागातला तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. आई जागी होती, मेणासारखी. त्यानं मला विचारलं, "यांनी शेवटचं पाणी कधी प्यायलं?"

"रात्री बारा," मी म्हटलं.

आईला "ट्रिंकन" एवढं कळत होतं, नात सारखी म्हणायची म्हणून. तिनं मास्क बाजूला केला. "चार," ती म्हणाली. "काल दुपारी चारचा चहा."

"आई, रात्री चंद्र बघून तू जेवलीस ना?"

"चंद्र बारा वाजून दहा मिनिटांनी होता," ती म्हणाली. "तू म्हणालास बारानंतर काही नाही."

एवढंच. तक्रार नव्हती त्यात. गणित कसं सुटलं ते फळ्यावर दाखवावं तसं.

हे मला माहीत असायला हवं होतं. एप्रिलच्या चतुर्थीलाही इथं चंद्र मध्यरात्र उलटल्यावर आला होता, मेमध्येही. बायको म्हणाली होती, "आई, तुम्ही सांगलीच्या वेळेनं सोडा की. तिथं उगवला म्हणजे झालं, इथले साडेसहाच वाजतात." आई म्हणाली होती, "आपण असू तिथला चंद्र बघायचा. नाहीतर मग फोटोच बघितलेला बरा." दोन्ही वेळा ती एकटी जागी राहिली होती. संध्याकाळपासून पाणीही नाही, हा तिचा जुना नेम. सकाळी ओट्यावर तिचं घासलेलं ताट पालथं असायचं आणि एक मोदक माझ्यासाठी झाकलेला. त्या दिवशी सकाळी ओटा रिकामा होता. मी त्याच ओट्यावर माझी कॉफी केली.

तिच्या नेमानं आणि माझ्या मार्जिननं तिला मधे पकडलं होतं. एकानं बारापर्यंत खाऊ दिलं नाही आणि दुसऱ्यानं बारानंतर.

डॉक्टरनं मला समजावलं. मीच त्याला थांबवून उरलेलं सांगू शकलो असतो. गुंगीचं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, श्वास उथळ करतं, प्रेशर उतरतं. एरवी हृदय लगेच धावायला लागतं आणि भरून काढतं. आईच्या बीपीच्या दोन गोळ्या. एक हृदयाला धावू देत नाही, दुसरी अंगातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. आणि टाकीत आधीच पाणी नाही. पंप हळू, पाइप सैल, टाकी कोरडी. पहिल्या वर्षाच्या पोराला परीक्षेत घालावं इतकं सोपं. त्यात तिच्या हृदयाची एक वाहिनी आतून अरुंद झालेली होती, जी साध्या ईसीजीत दिसली नव्हती. त्या काही मिनिटांत त्या वाहिनीपलीकडचा भाग तहानलेला राहिला आणि त्यातला काही मेला. "कधीतरी ते झालंच असतं," डॉक्टर म्हणाला. चांगला मुलगा होता. पण कधीतरी आणि त्या दिवशी यांत फरक असतो, आणि ते मधले दिवस सांगलीत गेले असते, घाटावर, तिच्या किल्लीसकट.

वाहिनीत जाळी बसवली. अकराव्या दिवशी तिला घरी पाठवताना त्यांनी सांगितलं: हृदयाची ताकद बरीच कमी झालीय. एकटं राहायचं नाही. लांबचा विमानप्रवास नाही, फोरएर्स्ट. फोरएर्स्ट म्हणजे तूर्तास. या देशात सगळ्याला तारीख असते, कचऱ्याच्या डब्यालासुद्धा, फक्त या तूर्तासाला नसते. मी विचारलं, अंदाजे? त्यांनी खांदे उडवले.

व्हिसा वाढवायला परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी हॉस्पिटलचं पत्र वाचलं आणि पंधरा मिनिटांत कागद दिला. मला स्वतःला इथं राहायची परवानगी मिळवायला कितीदा रांगेत ताटकळावं लागलं होतं! जिला नको होती तिला लगेच मिळाली. येताना बसमध्ये मी तो कागद घडी न करता धरून बसलो होतो, पडू नये म्हणून, आणि समोरची एक आजी माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. तिला वाटलं असेल काहीतरी चांगलं झालंय याचं.

घरी आल्यावर एकदा दुपारी आई आणि मी दोघंच होतो. मी तिला सांगितलं. म्हटलं, "आई, तू त्या दिवशी चतुर्थीचं सांगायला सांगितलंस, ते मी सांगितलंच नाही."

"माहितीये."

"कसं?"

"त्या बाईंनी पुढं काही विचारलंच नाही. मी असते तर विचारलं असतं, चतुर्थी म्हणजे काय. नुसता खांदा थोपटला त्यांनी. भित्र्या पोराचा थोपटतात तसा." ती थोडी थांबली. हल्ली मधे थांबते. "आणि आदल्या दिवशी पोरगीही शुभेच्छा देत नव्हती. शुभेच्छा देताना कुणी कागदावर बोट ठेवत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुठल्या भाषेत?"

मी म्हटलं, "एकोणतीस चोक?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. इतका वेळ गेला की मीच मनात गुणाकार करायला लागलो.

"एकशे सोळा," ती म्हणाली. "तुला अजून येत नाही?"

तिकिटाची तारीख येऊन गेली. त्या सकाळी तिनं चहा पिताना फ्रिजकडे पाहिलं नाही आणि उत्तर सांगितलं नाही. मी तो कागद काढला नाही, बायकोनंही नाही. एक दिवस तो तिथं नव्हता. कपड्यांच्या कपाटात, तिच्या स्वेटरच्या खिशात, किल्लीभोवती गुंडाळलेला सापडला. मी तो होता तसा ठेवला.

त्याच्या जागी चुंबकाखाली आता पाण्याचा तक्ता आहे. दिवसाला दीड लिटर, कमी नाही, जास्त नाही. आठ, दहा, बारा, दोन, चार, असे रकाने. मीच आखलाय, पट्टी घेऊन. या खेपेला अजिबात मार्जिन ठेवलेलं नाही. मुलगी शाळेतून आली की आधी तक्ता बघते आणि मग माझ्याकडे.

आणि मग पुढची चतुर्थी आली. त्या दिवशी ती सांगलीत असायची होती. डॉक्टरांनी उपास बंद म्हणून बजावलं होतं आणि आठवडाभर मी तयारी करत होतो. आजारी माणसाला उपास माफ असतो, हे मी सांगलीच्या गुरुजींना फोन करून वदवून घेतलं होतं. बायकोचा मुद्दा वेगळा होता, की देव चंद्राएवढा काटेकोर नसेल. मुलगी तर म्हणाली होती की मी आजीच्या वाटचा धरते, आणि हे चक्क मराठीत. आई यातल्या प्रत्येकाची कशी चिरफाड करेल ते मला ठाऊक होतं. गुरुजींना तिनंच शिकवलं होतं. मी ऑफिसातून लवकर निघालो. सायकलवर येताना मी तिची उत्तरं मोठ्यानं म्हणत होतो, तिच्याच आवाजात, आणि मला बरं वाटत होतं. वाटत होतं, भांडू दे. रडवू दे मला. मग मी हरेन आणि आम्ही काहीतरी मधलं ठरवू.

घरात आलो तर ती टेबलाशी बसून जेवत होती. वरण-भात, लिंबाची फोड. दोन दाढा राहिलेल्याच आहेत, आता त्या कुणी काढत नाही, म्हणून ती उजव्या बाजूनं हळूहळू चावते.

"आई, आज चतुर्थी आहे."

"माहितीये."

"मग?"

"मग काय. जेवते आहे ना." तिनं भात कालवला. "चंद्र साडेअकराला आहे. तू झोप वेळेवर."

मी खुर्ची ओढून समोर बसलो. तयार केलेलं सगळं तोंडात होतं. तिनं ताट पुसून खाल्लं, बाजूला सारलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते.

"पाणी दे," ती म्हणाली.

मी मापाचा पेला भरून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता प्यायला. मग रिकामा पेला माझ्याकडे वळवून, आतून दिसेल असा तिरका धरला. तिच्या वर्गातली पोरं गृहपाठाची वही अशी धरायची.

"झालं?" तिनं विचारलं.

मी उठलो आणि फ्रिजवरच्या तक्त्यात चारच्या रकान्यात खूण केली.